ऐकायला जागा कुठे आहे?

घरबसल्या संगीत ऐकण्याची साधने आज जितकी उत्तम आहेत, तितकी ती यापूर्वी कधीच नव्हती. ॲपल म्युझिकने २०२१ मध्ये आणि स्पॉटिफायने २०२५ मध्ये ध्वनिमुद्रणातील तपशील न गाळता संगीत श्रोत्यापर्यंत पोहोचविण्यास प्रारंभ केला. कॅसेट आणि सीडीच्या रेट्यात माळ्यावर गेलेल्या लाँगप्ले तबकड्या पुन्हा दुकानांच्या दर्शनी भागात आल्या आहेत. मोठ्या शहरांतील सुस्थितीतील कुटुंबांत घरातील एक खोली केवळ संगीतश्रवणासाठी राखून ठेवण्याची हौसही आता नवलाची राहिलेली नाही. ॲम्प्लिफायर कोणता, स्पीकर कोणते, त्यांना जोडणाऱ्या तारा कोणत्या, यावर तासन्‌तास चर्चा झडतात आणि लाखो रुपयांचे व्यवहार होतात.

या साऱ्या व्यवहारात एक गोष्ट बहुधा सर्वांत शेवटी आठवते, किंवा आठवतच नाही. स्पीकरमधून निघालेला सगळा आवाज थेट कानात शिरत नाही. त्यातला बराच मोठा भाग भिंतींवर, छतावर, फरशीवर आदळतो, परततो, आपापसात मिसळतो आणि मग आपल्यापर्यंत येतो. आपण ऐकतो ते स्पीकर आणि खोली या जोडीला. या जोडीतील स्पीकर बाजारात विकत मिळतो. खोली मिळत नाही. आणि आपल्या शहरांत खोली, तिच्यातील मोकळी जागा व तिच्याभोवतीची शांतता या तिन्ही गोष्टी इतक्या दुर्मीळ झाल्या आहेत, की हा वरवर खासगी आणि काहीसा श्रीमंती वाटणारा प्रश्न पाहता पाहता नगररचनेचा आणि कायद्याच्या अंमलबजावणीचा प्रश्न होऊन बसतो. तो तसा का होतो, हे समजण्यासाठी आधी खोलीचे शास्त्र थोडे उलगडून पाहिले पाहिजे.

गाद्या आणि उघडी खिडकी

खोलीचा ध्वनीवर होणारा परिणाम नेमका मोजता येतो, हे दाखवून दिले ते अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे तरुण भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांनी. १८९५ मध्ये विद्यापीठाच्या नव्या फॉग कलासंग्रहालयातील व्याख्यानगृहात वक्त्याचे बोलणे कोणालाच धड समजेना. उच्चारलेला शब्द रिकाम्या सभागृहात सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही आणि तेवढ्यात पुढचे दहा-पंधरा शब्द त्याच्यावर येऊन पडत. उपाय शोधण्याची कामगिरी सॅबिन यांच्याकडे आली. जवळच्या सँडर्स थिएटरमधील आसनांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, ऑर्गनची एक नळी वाजवायची, तिचा नाद विरून जाईपर्यंतचा काळ मोजायचा आणि सकाळ होण्याआधी गाद्या परत जागेवर नेऊन ठेवायच्या, असा उद्योग त्यांनी कित्येक रात्री केला. रात्रच निवडण्याचे कारण म्हणजे दिवसा रस्त्यावरचा आवाज मोजमाप होऊ देत नसे. त्यातून जे सूत्र निघाले ते आजही वापरात आहे. खोलीचे घनफळ जितके अधिक, तितका निनाद लांबतो. ध्वनी शोषून घेणारा पृष्ठभाग जितका अधिक, तितका तो आखूड होतो. १९०० मध्ये खुल्या झालेल्या बॉस्टनच्या सिम्फनी हॉलच्या रचनेला याच संशोधनाचा आधार होता.

शोषणाचे माप म्हणून सॅबिन यांनी उघडी खिडकी धरली. खिडकीतून बाहेर गेलेला आवाज परत येत नाही. म्हणून एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे एक चौरस मीटर संपूर्ण शोषण. हे माप ध्यानात ठेवण्याजोगे आहे, कारण आपल्या शहरांच्या संदर्भात त्याच्याकडे पुन्हा यावे लागणार आहे.

आता हे सूत्र आपल्याकडच्या एखाद्या मध्यम सदनिकेतील १० बाय १२ फुटांच्या आणि साडेनऊ फूट उंचीच्या खोलीला लावून पाहू. खोलीचे घनफळ भरते सुमारे ३२ घनमीटर. घरगुती श्रवणासाठी निनादाचा काळ ०.३ ते ०.५ सेकंद असावा, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. तो ०.४ सेकंदावर आणायचा तर सुमारे १४० चौरस फूट उघड्या खिडकीइतके शोषण लागते. खोलीची जमीनच मुळी १२० चौरस फुटांची! गिलावा केलेली भिंत, काँक्रीटचा स्लॅब आणि चकचकीत लादी हे पृष्ठभाग शंभर चौरस फुटांमागे जेमतेम दोन-तीन चौरस फुटांचे शोषण करतात. सामान लागण्यापूर्वीच्या नव्या सदनिकेत टाळी वाजवली असता ती खणखणत का राहते, याचे उत्तर या हिशेबात आहे.

येथेच परदेशी मासिकांतील सल्ले आपल्याकडे लंगडे पडतात. अमेरिकेतील बहुसंख्य घरांच्या भिंती लाकडी सांगाड्यावर जिप्समचे फलक ठोकून केलेल्या असतात आणि जमिनीवर पुष्कळदा भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा असतो. अशा हलक्या भिंतींतून खालच्या स्वरांचा बराच भाग बाहेर निसटतो. आपल्या विटांच्या आणि काँक्रीटच्या भिंती तो आतच अडवून ठेवतात. त्यामुळे तिकडे जो स्पीकर भरदार वाटतो, तोच इकडे डोके उठवतो. दोष स्पीकरचा नसतो; त्याच्यासाठी कल्पिलेली खोली निराळी असते.

दहा बाय दहाचा खर्ज

निनाद आटोक्यात आणणे हे काम त्या मानाने सोपे आहे. खरी झुंज असते ती खालच्या स्वरांशी. ध्वनी हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. दोन समोरासमोरच्या भिंतींमधील अंतर एखाद्या स्वराच्या निम्म्या तरंगलांबीइतके असले, की तो स्वर त्या दोन भिंतींत अडकून उभा राहतो आणि फुगतो. आठ फूट अंतर असेल तर हा स्वर सुमारे ७० हर्ट्झचा. काळी एकमध्ये लावलेल्या पुरुषी तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेचा मूळ स्वर सुमारे ६९ हर्ट्झ. याचा अर्थ असा, की आठ फुटी खोलीत तानपुरा लावला आणि त्या दिशेतल्या भिंतीला टेकून बसले, तर खर्ज अकारण घुमत राहील. त्याच दोन भिंतींच्या बरोबर मध्ये बसले, तर त्याचा बराचसा भाग नाहीसा होईल. ध्वनिमुद्रण तेच, यंत्रे तीच. तीन-चार फूट सरकल्याने तानपुऱ्याचा तोल बदलतो.

खोलीची लांबी, रुंदी आणि उंची निरनिराळी असली, की प्रत्येक दिशेचा अडकणारा स्वर निराळा राहतो आणि फुगवटा विभागला जातो. तिन्ही मापे जवळजवळ आली, की तिन्ही फुगवटे एकाच ठिकाणी येऊन पडतात. मुंबईकराच्या बोलण्यात घर या शब्दाला पर्याय म्हणून वापरली जाणारी ‘दहा बाय दहा’ची खोली उंचीलाही दहा फूट असेल, तर तिन्ही दिशांचा अडकणारा स्वर एकच, ५६ हर्ट्झचा. डग्ग्याचा घुमारा, सिनेसंगीतातील बासगिटार, चर्मवाद्यांचे ठोके हे सारे याच परिसरात वावरतात. ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने घनाकृती खोलीइतकी वाईट खोली नाही.

भिंतींवर अंड्यांचे ट्रे किंवा इंचभर जाडीचा स्पंज चिकटवून हा प्रश्न सुटेल, हा आपल्याकडचा मोठा गैरसमज आहे. भिंतीला लावलेला सच्छिद्र थर एखाद्या स्वराला पुरेसा शोषून घेण्यासाठी त्या स्वराच्या तरंगलांबीच्या सुमारे पाव भाग जाड असावा लागतो. १००० हर्ट्झसाठी ही जाडी साडेआठ सेंटीमीटर होते. ६० हर्ट्झसाठी ती होते १.४ मीटर! पातळ स्पंजाने वरचे स्वर तेवढे मरतात आणि खालचे तसेच घुमत राहतात. परिणामी गायकाच्या आवाजातील तेज जाते, तानपुऱ्याची जवारी मंदावते आणि राहतो तो एक भरीव गुणगुणाट. अशा खोलीपेक्षा काहीच न केलेली खोली बरी.

खोली लावण्याची रीत

मग करावे काय? सुदैवाने, ज्या उपायांनी सर्वाधिक फरक पडतो त्यांतील बरेचसे स्वस्त आहेत, काही तर फुकट आहेत. वाद्य मैफलीला बसण्यापूर्वी लावून घेतात, तशी खोलीही लावून घ्यावी लागते, एवढे मात्र मान्य केले पाहिजे.

पहिली गोष्ट जागांची. दोन स्पीकर आणि श्रोता यांचा समभुज त्रिकोण व्हावा. लंडनमध्ये ॲलन ब्लमलिन यांनी १९३१ मध्ये स्टिरिओ ध्वनीचे पेटंट मागितले, तेव्हापासून दोन कानांना दोन बाजूंनी मिळणाऱ्या सूक्ष्म फरकांवर हा सारा खेळ उभा आहे. एक स्पीकर कपाटाच्या वर आणि दुसरा दाराच्या मागे ठेवल्यास तो संपतो. स्पीकर पाठीमागच्या भिंतीपासून किती अंतरावर आहे, यालाही महत्त्व आहे. एक मीटर अंतर असेल तर भिंतीवरून परतलेला तरंग ८६ हर्ट्झच्या आसपासचा स्वर खोडून काढतो. अंतर बदलले, की खोडला जाणारा स्वर बदलतो. श्रोत्याने खोलीच्या लांबीच्या बरोबर मध्यावर किंवा मागच्या भिंतीला डोके टेकून बसू नये. एका भिंतीपासून लांबीच्या ३८ टक्के अंतरावर बसावे, हा ठोकताळा सुरुवात म्हणून चांगला आहे. शेवट कानाने ठरवावा.

दुसरी गोष्ट पहिल्या परावर्तनांची. श्रोत्याच्या जागी एकाने बसावे आणि दुसऱ्याने बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवत न्यावा. आरशात ज्या ठिकाणी स्पीकर दिसेल, तेथूनच आवाज पहिल्यांदा परततो. तेवढी जागा जाड शोषकाने झाकली, की गाणारा आणि साथीदार आपापल्या ठिकाणी स्पष्ट उमटू लागतात. त्यासाठी परदेशी फलकच हवेत असे नाही. घनमीटरला ४८ किलो घनतेचे रॉकवूल आपल्याकडे सहज मिळते. लाकडी चौकटीत घालून त्यावर सुती कापड ताणले आणि भिंतीपासून चार इंच अंतर सोडले, की उत्तम फलक तयार होतो. हे अंतर शोषणही वाढविते आणि पावसाळ्यात भिंतीची ओल फलकात उतरू देत नाही. भरपूर कापसाची जाड गादी हाही उत्तम शोषक आहे. आपल्या जुन्या बैठकीच्या खोल्यांत जाजम, गाद्या, लोड-तक्के आणि दाटीवाटीने बसलेले श्रोते असत. ध्वनिशास्त्राचा शब्द न उच्चारता त्या खोल्या बऱ्याच अंशी लावलेल्या असत. मागच्या भिंतीला निरनिराळ्या आकारांच्या पुस्तकांनी भरलेले कपाट असेल, तर आवाज तेथून एकाच दिशेने न परतता काहीसा विखुरतो. घरात पुस्तके असण्याचा हा आणखी एक फायदा.

तिसरी गोष्ट मोजमापाची. रूम ईक्यू विझर्ड या नावाचे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते. त्याला मोजमापाचा एक साधा मायक्रोफोन जोडला, की कोणता स्वर फुगतो आणि कोणता बुडतो याचा आलेख समोर येतो. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत फ्लॉइड टूल यांनी स्पीकर पडद्याआड ठेवून श्रोत्यांच्या चाचण्या घेतल्या. त्या आणि त्यानंतरच्या संशोधनाचे सार असे, की घरगुती खोलीत साधारण २०० ते ३०० हर्ट्झच्या खाली खोलीचे राज्य चालते आणि त्याच्या वर स्पीकरचे. फुगलेला स्वर संगणकीय दुरुस्तीने खाली आणता येतो. बुडालेला स्वर मात्र तसा वर आणता येत नाही, कारण जितका जोर लावावा तितकाच तो परावर्तनात खोडला जातो. तेथे जागा बदलणे हाच उपाय. लहान खोलीत मोठा स्पीकर आणण्याचा मोहही आवरावा. बीबीसीने १९७० च्या दशकात प्रक्षेपणाच्या फिरत्या गाडीत बसणाऱ्या अभियंत्यांसाठी एलएस-३/५ए हा चिमुकला स्पीकर तयार केला. मानवी आवाज खरा उमटावा हा त्यामागचा हेतू होता. गाडीच्या डब्याएवढ्या जागेसाठी घडवलेल्या या स्पीकरला पन्नास वर्षांनंतरही चाहते आहेत. आपल्या खोल्या त्या गाडीहून फार मोठ्या नाहीत, हे पाहता त्यातला बोध उघड आहे.

पंचावन्न आणि पंचेचाळीस

इथपर्यंतचे सारे काम चार भिंतींच्या आतले. परंतु खोली कितीही लावली, तरी तिच्यात बाहेरून काय येते यावर श्रोत्याचे नियंत्रण नसते. सीडीवरील सोळा बिटांच्या ध्वनिमुद्रणात सर्वांत बारीक आणि सर्वांत मोठ्या आवाजांत सुमारे ९६ डेसिबलचे अंतर मावू शकते. आता खोलीत रहदारी, पंखा आणि शेजारचे बांधकाम मिळून ४५ डेसिबलचा आवाज कायम असेल आणि संगीताचा सर्वांत मोठा क्षण ८५ डेसिबलपर्यंत नेला, तर ऐकण्याजोगे अंतर उरते फक्त ४० डेसिबल. विलंबित ख्यालातील पहिला षड्ज, मींडेच्या शेवटी विरणारा स्वर, दोन आवर्तनांमधली शांतता हे सारे त्या ४५ डेसिबलच्या गाळात रुतून बसते. अशा खोलीसाठी चोवीस बिटांचे संगीत विकत घेणे म्हणजे पूर आलेल्या नदीत गाळणी धरण्यासारखे आहे.

केंद्र सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये शांत झोपेसाठी शयनगृहात ३० डेसिबलची मर्यादा सुचविली. तिच्यामागे एक साधा हिशेब आहे. खिडकी थोडी उघडी असताना बाहेरचा आवाज आत येईपर्यंत सुमारे १५ डेसिबलने घटतो. ४५ मधून १५ वजा केले, की ३० उरतात. ३० डेसिबलची खोली म्हणजे संगीतश्रवणाला अगदी योग्य खोली! वेगळ्या शब्दांत सांगायचे तर, आपल्या पुस्तकात असलेला कायदा केवळ पाळला गेला, तरी रात्री दहानंतर शहरातील प्रत्येक घर, खिडकी उघडी ठेवूनही आणि एक पैसा खर्च न करता, अर्धी श्रवणखोली होईल.

प्रत्यक्षात काय होते, हे शहरवासीयांना सांगण्याची गरज नाही. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात शांततेने जगण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग मानला आणि ध्वनिवर्धकाने दुसऱ्याच्या कानावर आवाज लादण्याचा अधिकार कोणालाही नाही, हे स्पष्ट केले. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ध्वनिवर्धकाचा वापर हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असे सांगून पोलिसांना कारवाईचे निर्देश दिले. दोन निकालांमध्ये जवळपास वीस वर्षे गेली आणि दुसऱ्या निकालाची गरज पडली, यातच अंमलबजावणीची कथा आली. शिवाय सण-उत्सवांचे ध्वनिवर्धक हा गोंगाटाचा एकच भाग आहे. हॉर्न, जनित्रे, चोवीस तास चालणारी बांधकामे यांच्याबद्दल तर तक्रार करण्याचीही सवय सुटत चालली आहे.

सॅबिन यांची उघडी खिडकी येथे आठवते. खोलीतील नको असलेला आवाज बाहेर जाण्याची वाट म्हणून त्यांनी जिला माप मानले, तीच खिडकी आपल्या शहरांत गोंगाट आत येण्याची वाट झाली आहे. म्हणून ज्याला परवडते तो ती बंद करतो. दुहेरी काच बसवतो, दाराच्या फटी रबराने बुजवतो. फटी बुजविणे आवश्यकच असते, कारण भिंतीच्या क्षेत्रफळाच्या केवळ एक टक्का जागा उघडी राहिली, तरी बाकीची भिंत कितीही भक्कम असो, एकूण ध्वनिरोधन २० डेसिबलच्या पुढे जात नाही. भिंतीचे वजन दुप्पट केले, तर तत्त्वतः ६ डेसिबलचा फरक पडतो. त्याहून अधिक हवे असेल तर खोलीच्या आत स्पर्श न करणारी दुसरी खोली बांधावी लागते. ती प्रत्येक बाजूने सहा इंच खाते. दहा बाय दहाची खोली नऊ बाय नऊ होते; शंभर चौरस फुटांतील १९ चौरस फूट शांततेपायी जातात. बंद खोलीला वातानुकूलन लागते, त्या यंत्राचा पुन्हा आवाज. जी शांतता कायद्याने फुकट द्यायची, ती अशी चौरस फुटांच्या दराने विकत घ्यावी लागते.

अर्थात, हौशी श्रोताही या हिशेबाबाहेर नाही. खालचे स्वर भिंत ओलांडतात आणि स्लॅबमधून चार मजले प्रवास करतात. याच नियमांनुसार खासगी जागेतील ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर त्या भागाच्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक वर जाता कामा नये. आपल्या मैफलीपायी शेजाऱ्याच्या शांततेचा बळी देणाऱ्याला रस्त्यावरच्या ध्वनिवर्धकाविरुद्ध बोलण्याचा अधिकार राहत नाही.

तीनशे चौरस फुटांतले दोनशे चाळीस

ध्वनिशास्त्राच्या ग्रंथांत खोलीच्या उंची, रुंदी आणि लांबीचे एक चांगले प्रमाण म्हणून १ : १.४ : १.९ हे गुणोत्तर सांगितलेले आढळते. साडेनऊ फूट उंचीला ते लावले, तर खोली होते सुमारे १३ बाय १८ फुटांची, म्हणजे २४० चौरस फुटांची. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत एका संपूर्ण कुटुंबाला मिळणाऱ्या सदनिकेचे चटई क्षेत्रफळ आहे ३०० चौरस फूट. एका माणसाच्या नीट ऐकण्याला लागणारी जागा आणि एका कुटुंबाच्या जगण्याला मिळणारी जागा यांत एवढेच अंतर असेल, तर संगीतश्रवणाची खोली ही चैन आहे, हा आक्षेप सहज समजण्यासारखा आहे.

त्याला उत्तर म्हणून इयरफोनकडे बोट दाखवले जाते. ते अगदीच चुकीचे नाही. थोड्या पैशांत उत्तम तपशील ऐकू येतो आणि शेजाऱ्याला त्रास होत नाही. परंतु लोकलच्या गर्दीत बाहेरच्या आवाजावर मात करण्यासाठी आवाज वाढवत नेणे ही नित्याची गोष्ट झाली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ व्यक्तीने ८० डेसिबलचा आवाज आठवड्यातून ४० तासांहून अधिक ऐकू नये. आवाज जितका वाढेल तितका हा वेळ झपाट्याने घटतो. शिवाय इयरफोनमध्ये दोघांनी मिळून ऐकणे नाही, समेवर एकमेकांकडे पाहणे नाही. आपले संगीत ज्या बैठकीत वाढले, तिचा अर्धा प्राण श्रोत्यांच्या एकत्र बसण्यात होता.

म्हणूनच या प्रश्नाचे उत्तर एकट्याच्या खोलीपेक्षा अनेकांच्या खोलीत शोधायला हवे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जपानमध्ये परदेशी रेकॉर्ड महाग होत्या, घरे लहान होती आणि भिंती पातळ. त्या काळात तेथे ‘जाझ किस्सा’ नावाची कॉफीगृहे फोफावली. एका कॉफीच्या किमतीत उत्तम यंत्रणेवर तासभर मुकाट्याने संगीत ऐकायचे, अशी तेथील रीत. आपल्याकडे याला लागणारी सामग्री नाही असे कोण म्हणेल? १९८० मध्ये मुंबईत एनसीपीएचे टाटा थिएटर उभे राहिले, तेव्हा सिरिल हॅरिस यांच्यासारख्या ध्वनितज्ज्ञाने त्याच्या ध्वनिरचनेचे काम पाहिले होते. १९९० पासून मुंबईत जुन्या ध्वनिमुद्रिका संग्राहकांची संस्था कार्यरत झाली. आकाशवाणीच्या आणि खासगी संग्रहांत थोर कलावंतांची अमाप ध्वनिमुद्रणे आहेत. उणीव आहे ती नगराच्या पातळीवर श्रवणाला जागा देण्याच्या कल्पनेची. ग्रंथालयात वाचनकक्ष असतो हे आपण गृहीत धरतो. तेथे वीस माणसांचा एक श्रवणकक्ष असावा, ही मागणी ऐकिवात नाही.

गृहनिर्माण संस्थांच्या पातळीवर तर ही संधी दारातच उभी आहे. मुंबई-पुण्यात जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाचे करार धडाक्याने होत आहेत. सभासद चटई क्षेत्रफळ विचारतात, कॉर्पस निधी विचारतात, वाहनतळ विचारतात. दोन सदनिकांमधली भिंत आणि वरचा स्लॅब किती डेसिबल आवाज अडवेल, हे क्वचितच कोणी विचारते. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत ध्वनिरोधनावर स्वतंत्र विभाग आहे. त्यातील आकडे करारात लिहून घेणे आणि ताबा घेण्यापूर्वी मोजून पाहणे यात अवघड काही नाही. इमारत उभी राहत असताना भिंत जड करण्याला जो खर्च येतो, त्याच्या कितीतरी पट खर्च ती नंतर दुरुस्त करण्याला येतो. नव्या संकुलांच्या जाहिरातींत झळकणारा ‘मिनी थिएटर’चा कक्ष एरवी वाढदिवसांपुरता उघडतो. त्याची मापे नीट घेतली, त्याला गाद्या-पडदे दिले आणि दोन चांगले स्पीकर योग्य जागी ठेवले, तर ज्या खोलीचा खर्च एका कुटुंबाला झेपणारा नाही, ती पन्नास कुटुंबांना मिळते.

शांत आणि पुरेशी खोली संगीताच्या शौकिनालाच हवी असते असेही नाही. दहावीचा अभ्यास करणाऱ्या मुलाला, रात्रपाळी करून आलेल्या कामगाराला, आजाऱ्याला, वृद्धाला तीच हवी असते. या सर्वांची गरज एकच आहे. फरक एवढाच, की शौकीन माणूस मायक्रोफोन लावून तिचा आलेख काढू शकतो. बाकीच्यांच्या नशिबी केवळ त्रास येतो, त्याचा आकडा कोठे नोंदला जात नाही. यंत्रांवर लाखो रुपये खर्चणाऱ्या हौशी मंडळींनी हा आकडा आपल्या संस्थेच्या सभेत, प्रभागाच्या बैठकीत आणि पोलीस ठाण्यात मांडायला घेतला, तर त्यांच्या श्रवणखोलीतील सर्वांत मोठी सुधारणा त्यातून होईल, आणि तिचा लाभ भिंतीपलीकडच्यांनाही मिळेल.